‘कॅलिबर’ शब्दाचा अर्थ आणि जखमी जनावराची वेदनामुक्ती

असाध्य दुखापतीने वा रोगाने तळमळणाऱ्या मोठ्या जनावराला गोळी घालून वेदनामुक्त करण्याचा प्रसंग येतो, तेव्हा ‘कोणत्या कॅलिबरची बंदूक वापरावी?’ हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो. शर्यतीत पाय मोडलेला घोडा, कड्यावरून कोसळून कणा मोडलेली गाय, वाहनाखाली सापडून अर्धमेला झालेला बैल, ही अशा प्रसंगांची नित्याची उदाहरणे होत. विलंब म्हणजे वेदनेला मुदतवाढ. आणि साधनाची निवड चुकली तर जनावर मरत नाही, केवळ अधिक जखमी होते. म्हणूनच विचारणाऱ्याला उत्तर एका आकड्यात हवे असते. परंतु तो आकडा गोळीविषयी फारच थोडे सांगतो, आणि जे सांगतो त्याहून कितीतरी अधिक सांगत असल्याचा आभास निर्माण करतो. हा आभास कसा उत्पन्न झाला आणि त्याच्या पलीकडे जाऊन निवडीचा विचार कसा करावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. निवडीसंबंधीचा बराचसा अनुभव ब्रिटन व अमेरिका या देशांतील पशुवैद्यांनी नोंदवून ठेवलेला असल्यामुळे उदाहरणे मुख्यतः तिकडचीच घेतली आहेत.

‘कॅलिबर’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये इटालियनमधून आला. त्याचे मूळ अरबी ‘कालिब’ या शब्दात आहे, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. ‘कालिब’ म्हणजे साचा. धातूचा रस ज्यात ओतावयाचा तो ठसा. त्याच्याही मागे ग्रीक भाषेतील ‘लाकडी पाय’ या अर्थाचा शब्द दाखविला जातो. चांभार ज्यावर जोडा चढवून शिवतो ती लाकडी पावलाची प्रतिकृती. हाच अरबी शब्द दुसऱ्या वाटेने, फारसीतून, उर्दूत आला व तेथे त्याला ‘देह’ असाही अर्थ प्राप्त झाला. दोन जिवलग मित्रांना ‘एक जान दो कालिब’ म्हणतात, ते या अर्थाने. तात्पर्य, शब्दाच्या मूळ अर्थात शक्तीचा लवलेशही नाही. साचा, माप, पोकळीचा आकार, एवढेच त्यात आहे. आणि शस्त्रविद्येतही त्याचा नेमका अर्थ नळीच्या पोकळीचा व्यास एवढाच आहे.

व्यवहारात मात्र या शब्दाला एक लाक्षणिक अर्थ चिकटला. माणसाची योग्यता, कुवत, तोलामोल या अर्थाने ‘कॅलिबर’ इंग्रजीत रूढ झाला आणि मराठी बोलण्यातही तो त्याच अर्थाने अधिक ऐकू येतो. ‘त्या कॅलिबरचा गायक’ असे म्हणताना कोणाच्याही मनात व्यास नसतो. पुढे झाले असे की हा लाक्षणिक अर्थ उलट्या पावली मूळ क्षेत्रात परतला. बंदुकीचे कॅलिबर म्हणजे बंदुकीची कुवत, असे ऐकणारा नकळत समजू लागला. शब्दार्थाच्या इतिहासात असे घडणे नवीन नाही. परंतु येथे त्याची किंमत एखाद्या मुक्या प्राण्याला मोजावी लागते.

आकड्यांची स्थितीही याहून फारशी स्पष्ट नाही. इंग्लंड-अमेरिकेत व्यास इंचाच्या अपूर्णांकात सांगतात, युरोपखंडात मिलिमीटरमध्ये, आणि छर्ऱ्यांच्या बंदुकीत तो मुळीच सांगत नाहीत. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ‘बारा बोअर’ हा शब्द ठासणीच्या बंदुकीइतकाच परिचित आहे. परंतु या बाराचा अर्थ असा की, नळीच्या व्यासाच्या शिशाच्या भरीव गोळ्या केल्या तर एका पौंडात अशा बारा बसतात. साहजिकच आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोअरचा त्याहून कमी. याच कुटुंबातील ‘चारशे दहा’ म्हणून ओळखली जाणारी बंदूक मात्र या पद्धतीला अपवाद आहे, तेथे ०.४१० हा खरोखरच इंचातील व्यास आहे. रायफल व पिस्तुलांच्या नावांत तर व्याकरण असे उरलेलेच नाही. ‘०.३८ स्पेशल’ या काडतुसाच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.३५७ इंच असतो. ब्रिटिश ‘थ्री-नॉट-थ्री’ची गोळी ०.३०३ नसून सुमारे ०.३११ इंच असते, कारण नळीतील आट्यांच्या माथ्यांमधील अंतर नावात धरले आहे, गोळीचे नव्हे. ‘०.३०-०६’ मधील शेवटचा आकडा १९०६ या वर्षाचा, तर ‘०.३०-३०’ मधील शेवटचा आकडा मुळात दारूच्या वजनाचा. ‘मॅग्नम’ हा शब्द मद्याच्या मोठ्या बाटलीवरून आला. नामकरणाची अशी विविधता भाषाभ्यासकाला रंजक वाटली, तरी रस्त्याच्या कडेला तडफडणाऱ्या घोड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ती घातक ठरू शकते.

यातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘०.२२ लाँग रायफल’ आणि ‘०.२२३ रेमिंग्टन’ ही दोन काडतुसे. दोहोंच्या गोळ्यांच्या व्यासात इंचाच्या सहस्रांशाचा काय तो फरक. पहिल्याची नेहमीची गोळी ४० ग्रेन वजनाची असते व सेकंदाला सुमारे ३६५ मीटर वेगाने बाहेर पडते. दुसऱ्याची गोळी ५५ ग्रेनची, परंतु तिचा वेग सेकंदाला सुमारे ९९० मीटर. ग्रेन हे परिमाण मूळचे धान्याच्या दाण्यावरचे. आपल्याकडील सोनाराची गुंजही तशीच वेलीच्या बियांवरची. १८० ग्रेनांचा तोळा आणि ९६ गुंजांचा तोळा, हे समीकरण मांडले तर ४० ग्रेनची गोळी सुमारे २१ गुंजा, म्हणजे २.६ ग्रॅम भरते. या वजनाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले असता पहिल्या गोळीची ऊर्जा सुमारे १७५ ज्यूल येते, दुसरीची सुमारे १७४० ज्यूल. कॅलिबर जवळजवळ एकच असून ऊर्जा दहापट! ‘बावीसची बंदूक पुरेल का?’ या प्रश्नाला म्हणूनच ‘कोणती बावीस?’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो.

आता गोळीला करावयाचे काम कोणते, ते पाहू. वेदनामुक्तीचा अर्थ येथे नेमका आहे: जनावराची संवेदना तत्क्षणी नष्ट झाली पाहिजे आणि ती परत येता कामा नये. त्यासाठी मेंदूला, विशेषतः मेंदूच्या तळाशी असलेल्या व श्वसन आणि जागृती यांचे नियमन करणाऱ्या मस्तिष्कस्तंभाला, इजा व्हावी लागते. गोळी ध्वनीहून वेगवान असो वा नसो, वेदनेचा संदेश मज्जातंतूंतून ज्या गतीने जातो त्याहून ती कितीतरी शीघ्र असते. ती योग्य जागी पोचली तर जनावराला आघाताची जाणीव होण्यापूर्वीच जाणीव करून घेणारे इंद्रिय नष्ट झालेले असते. छातीत मारलेल्या गोळीने हे साधत नाही. रक्तस्राव होऊन मेंदूचा पुरवठा थांबेपर्यंत काही काळ जातो, आणि तो काळ जनावर पूर्ण शुद्धीवर असू शकते. शिकारीतील नेम आणि वेदनामुक्तीतील नेम यांत हा मूलभूत भेद आहे. अनुभवी शिकारीदेखील तो विसरतात.

मेंदू कवटीच्या मानाने लहान असतो आणि सामान्य माणूस समजतो तेथे नसतो. ‘दोन डोळ्यांच्या मध्ये’ हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की पुष्कळजण तीच जागा योग्य मानतात. घोड्याच्या बाबतीत तेथे मारलेली गोळी बहुधा मेंदूच्या खालून, नाकाच्या पोकळ्यांतून जाते. घोड्याच्या कपाळावर प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून विरुद्ध बाजूच्या कानाच्या मुळापर्यंत अशा दोन रेषा कल्पाव्यात. त्या जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर नेम असावा, आणि गोळीचा रोख मानेच्या दिशेने, कण्याच्या रेषेत असावा. गाय-बैलांसाठी याच रेषा डोळ्याच्या मध्यापासून विरुद्ध शिंगाच्या बुडाच्या मध्यापर्यंत कल्पितात व त्यांचा छेदबिंदू धरतात. जागा बरोबर असून रोख चुकला तरी कार्यभाग बिघडतो. डोके खाली घालून उभ्या असलेल्या आणि मान वर करून बिथरलेल्या घोड्यासाठी नळीचा कोन एकच कसा असेल?

मग किती ऊर्जा पुरे? अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन या संस्थेच्या २०१३ व २०२० च्या मार्गदर्शिकांत असे दिले आहे की, ४०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १८० किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या जनावरासाठी नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा निदान ३०० फूट-पौंड (४०७ ज्यूल) असावी व त्याहून मोठ्या जनावरासाठी १००० फूट-पौंड (१३५६ ज्यूल). या हिशेबाने साधी ०.२२ची गोळी लहान जनावरालाही पुरेशी ठरत नाही. तथापि तीच मार्गदर्शिका हेही नमूद करते की हे आकडे गरजेपेक्षा फार अधिक आहेत असे मानणारे लोक आहेत, आणि प्रत्यक्षात साधी ०.२२ हीच कमीअधिक यशाने सर्वत्र वापरली जाते.

ब्रिटनमधील परंपरा या अमेरिकी आकड्यांशी ताडून पाहिली तर गोंधळ वाढतो. तेथे पशुवैद्यांनी व घोड्यांची विल्हेवाट लावणाऱ्या व्यावसायिकांनी अनेक दशके ०.३२ कॅलिबरचे, एका वेळी एकच गोळी भरण्याचे खास पिस्तूल वापरले आहे. त्यात भरल्या जाणाऱ्या काडतुसाच्या नेहमीच्या प्रकारात सुमारे ९८ ग्रेनची शिशाची गोळी सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. गणित केले तर तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्याही आत येते. म्हणजे ०.२२च्या साध्या गोळीहूनही किंचित कमी, आणि अमेरिकी आकड्याच्या जेमतेम एक नवमांश! तरीही या पिस्तुलाने पूर्ण वाढलेले, अर्धा टन वजनाचे घोडे जागच्या जागी कोसळतात.

याचा उलगडा करण्यासाठी त्या साधनाचा इतिहास पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या कारखान्याने घोडे व गुरे यांच्यासाठी एक विलक्षण उपकरण बाजारात आणले. त्याला दस्ता नव्हता, चाप नव्हता. आखूड नळी, तिच्या पुढे घंटेसारखे पसरट तोंड आणि मागे फिरकीचे झाकण, एवढाच त्याचा आकार. काडतूस ०.३१० कॅलिबरचे. घंटेचे तोंड जनावराच्या कपाळावर टेकवावयाचे व झाकणाच्या टोकावर लहान मोगरीने ठोका द्यावयाचा. घंटेचा उतार असा तिरपा ठेवलेला असे की ती कपाळावर नीट बसली म्हणजे गोळीचा रोख आपोआप कण्याच्या रेषेत येई. शिवाय तिच्यामुळे आवाज दबत असे. दुसऱ्या शब्दांत, माणसाच्या नेमातील अनिश्चितता लोखंडाच्या आकारात बांधून टाकलेली होती. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर ट्राम, बस, मालगाड्या, सर्व काही घोडेच ओढीत, आणि घोडा रस्त्यात कोसळणे ही रोजची घटना होती, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा उपकरणाची गरज का भासली ते समजते.

पुढील ०.३२ पिस्तूल हे त्याच कल्पनेचे वारस होय. त्याच्या नळीच्या तोंडाशी वायू निसटण्यासाठी छिद्रे असतात. त्यामुळे ते कपाळाला अलगद टेकवता येते. साध्या रायफलीचे वा छर्ऱ्याच्या बंदुकीचे तोंड मात्र कधीही कपाळावर दाबून धरता कामा नये. वायूंना वाट न मिळाल्याने नळी फुटून माणसालाच इजा होण्याचा धोका असतो. टेकविलेल्या नळीतून गोळीचा मार्ग अचूक राहतो आणि अंतरामुळे होणारी वेगाची घट जवळजवळ शून्य होते. त्याखेरीज गोळीची जातही पाहिली पाहिजे. ०.३२ची गोळी ०.२२च्या गोळीपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असते; तिच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे वस्तुमान सुमारे चतुर्थांशाने अधिक पडते आणि तिचा संवेगही जवळजवळ दीडपट असतो. त्यामुळे हाड भेदल्यावरही ती पुढे चालत राहते. अमेरिकी आकडे काही अंतरावरून, साध्या शस्त्राने, कदाचित अननुभवी हाताने झाडलेली गोळी गृहीत धरून सुरक्षिततेची मोठी कड ठेवतात. ब्रिटिश प्रथा खास साधन, प्रशिक्षित हात आणि शून्य अंतर गृहीत धरते. दोन्ही आपापल्या जागी सयुक्तिक आहेत. चुकतो तो ब्रिटिश साधनाचा आकडा घेऊन अमेरिकी परिस्थितीत वावरणारा माणूस.

या उपकरणांना इंग्रजीत ‘ह्यूमेन किलर’ हे नाव पडले. ‘ह्यूमन’ आणि ‘ह्यूमेन’ हे मूळचे एकच शब्द; अठराव्या शतकात इंग्रजीने त्यांची फारकत केली आणि ‘माणसाचा’ व ‘माणुसकीचा’ असे दोन अर्थ दोन रूपांत वाटून घेतले. ‘माणुसकीचा मारेकरी’ असे भाषांतर मराठी कानाला विक्षिप्त वाटेल, आणि ‘दयामरण’ हा नवा शब्द क्रियेला लागू पडला तरी साधनाला लागू पडत नाही. जर्मन व फ्रेंच भाषांतही शेवटच्या गोळीच्या वा घावाच्या नावात ‘कृपा’ या अर्थाचा शब्द आहे. मराठीत मात्र गोळी ‘घालतात’. ते क्रियापद कृपेविषयी वा क्रौर्याविषयी काहीच बोलत नाही, आणि कदाचित तेच अधिक प्रामाणिक आहे. बंदुकीच्या ज्या भागाला मराठीत ‘घोडा’ म्हणतात तो घोड्यावरच पडावा, हा योगायोग तेवढा भाषेनेच घडवून आणलेला.

छर्ऱ्याच्या बंदुकीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण तिच्याविषयी गैरसमज सर्वांत अधिक आहेत. छर्रे पसरतात, म्हणून ते अशा कामाला निरुपयोगी, असे अनेकांना वाटते. दूर अंतरावर ते खरे आहे. परंतु ५ ते २५ सेंटिमीटर अंतरावरून झाडलेल्या बारा बोअरच्या काडतुसातील छर्रे पसरण्यास अवधीच मिळत नाही. ते एकसंध लगदा होऊन कवटीत शिरतात, आत गेल्यावर विखुरतात आणि बहुधा बाहेर पडत नाहीत. आरपार जाऊन कोणाला लागण्याचा वा दगडावरून उसळण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. ब्रिटनमधील ह्यूमेन स्लॉटर असोसिएशन ही संस्था (तिची पूर्वसूरी संस्था १९११ मध्ये स्थापन झाली) बारा, सोळा व वीस बोअरच्या बंदुका मोठ्या जनावरांसाठी योग्य मानते आणि अठ्ठावीस बोअर व चारशे दहा लहान जनावरांसाठी. छर्रे ४, ५ वा ६ क्रमांकाचे घ्यावेत असा तिचा सल्ला आहे. सामान्य शेतकऱ्याच्या घरी असण्याचा संभव असलेले शस्त्र हेच या कामाला बऱ्याचदा सर्वांत भरवशाचे ठरते. घोड्यासाठी खास रायफल शोधीत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

जनावरांच्या जातीप्रमाणे अडचणी बदलतात. बिनशिंगी मेंढीसाठी डोक्याचा सर्वांत उंच बिंदू योग्य. शिंगांच्या मेंढ्याच्या व बकऱ्याच्या कपाळाचे हाड जाड असल्याने शिंगांमागील जागेतून हनुवटीच्या रोखाने गोळी घालावी लागते. डुक्कर हे सर्वांत अवघड. त्याचे लक्ष्य लहान, कपाळ खोलगट आणि वयाबरोबर कवटीतील पोकळ्या वाढत जाणाऱ्या. सामान्य डुकरात डोळ्यांच्या पातळीच्या सुमारे २ सेंटिमीटर वर, मध्यरेषेवर, शेपटीच्या रोखाने नेम धरतात. परंतु जुन्या वराहाच्या कपाळावर मध्यभागी हाडाचा उंचवटा असतो, म्हणून तेथे नेम थोडा वर व उंचवट्याच्या एका बाजूस घेतात. पूर्ण वाढलेला वळू आणि वराह यांच्यासाठी साधी ०.२२ वापरू नये, याविषयी जाणकारांत एकवाक्यता आहे.

म्हशीची गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची. म्हशीच्या कपाळाची कातडी व हाड गाईपेक्षा जाड असते, आतील पोकळ्या अधिक खोल असतात, आणि परिणामी मेंदू पृष्ठभागापासून अधिक दूर पडतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी गेल्या दशकात केलेल्या अभ्यासांतून गाई-बैलांची मापे म्हशीला लावणे किती धोक्याचे आहे ते स्पष्ट झाले. युरोपात म्हशी थोड्या, म्हणून हा प्रश्न तेथे उशिरा उद्भवला. ज्या देशांत त्या कोट्यवधींच्या संख्येने आहेत तेथील पशुवैद्यकाने युरोपीय गाईसाठी लिहिलेले कोष्टक तसेच्या तसे उतरवून घेणे म्हणूनच गैर ठरते.

गोळीच्या बांधणीचा उल्लेख वर ओझरता आला. त्याला एक ऐतिहासिक संदर्भ आहे आणि तो हिंदुस्थानातला आहे. कलकत्त्याजवळ दमदम येथे लष्करी दारूगोळ्याचा कारखाना होता. तेथे १८९० नंतरच्या दशकात अशी गोळी तयार करण्यात आली की जिच्या टोकावरील धातूचे आवरण काढलेले असल्यामुळे ती शरीरात शिरताच पसरत असे. गावाचे नाव गोळीला मिळाले आणि जगभर पसरले. ‘दमदमा’ म्हणजे तोफांसाठी रचलेला उंचवटा. हा शब्द मराठी बखरवाङ्मयाच्या वाचकाला अपरिचित नाही. १८९९ च्या हेग येथील घोषणेने युद्धात अशा पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरविल्या. तेव्हापासून लष्करी गोळी संपूर्ण आवरणाची असते, म्हणजे ती न पसरता सरळ आरपार जाते. माणसांच्या युद्धात जी गोळी दयाळू ठरविली गेली, ती जनावराच्या वेदनामुक्तीत अयोग्य ठरते. ती मेंदूतून अरुंद वाट काढून बाहेर पडते आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला, वा फरसबंदीवरून उसळून अलीकडच्यालाही, लागू शकते. उलट टोकाशी पोकळ असलेली, लवकर पसरणारी गोळी मोठ्या जनावराच्या जाड कवटीतच फुटून मेंदूपर्यंत न पोचण्याचा संभव असतो. या दोन टोकांमध्ये भरीव शिशाची गोळी हाच मध्यम मार्ग बहुतेक मार्गदर्शिका सुचवितात.

येथून भारतीय कायद्याकडे वळणे प्राप्त आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे कलम १३ दुःखग्रस्त जनावरांच्या नाशासंबंधी आहे. शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला, मालक हजर नसल्यास वा संमती देत नसल्यास, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावता येते. जनावर जिवंत ठेवणे क्रूरपणाचे होईल असा दाखला त्याने दिल्यास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने जनावराचा अंत करता येतो. अंत कोणत्या रीतीने करावा हे नियमांवर सोपविलेले आहे. आज बहुतेक पशुवैद्य अशा वेळी इंजेक्शनचाच अवलंब करतात, आणि जनावर शांत असेल व शीर सापडत असेल तर तेच योग्य. परंतु ज्या प्रसंगी औषध हाताशी नसते व केवळ शस्त्र असते, त्या प्रसंगी ते शस्त्र लढाईसाठी बनविलेले असते आणि गोळी संपूर्ण आवरणाची. ‘मोठी बंदूक आहे, काम भागेल’ हा समज तेथेच अधिक प्रबळ असतो. कॅलिबर म्हणजे कुवत, या अर्थाचा परिणाम याहून स्पष्ट कोठे दिसणार?

ब्रिटनमध्ये कायद्याने या भेदाची दखल घेतली आहे. डनब्लेन येथील शाळेत १९९६ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर १९९७ च्या अधिनियमाने खासगी मालकीच्या पिस्तुलांवर जवळजवळ सरसकट बंदी आली. परंतु कत्तलीचे उपकरण आणि जनावरांच्या मानवीय अंतासाठी लागणारे शस्त्र यांना वेगवेगळ्या कलमांनी सूट देण्यात आली. पहिल्या वर्गात मोडणारे प्रमुख साधन म्हणजे बंदिस्त खिळ्याचे पिस्तूल. याची कल्पना १९०३ मध्ये जर्मनीतील श्ट्राउबिंग येथील कत्तलखान्याचे संचालक ह्यूगो हाइस यांनी पुढे आणली. यात काडतुसाच्या स्फोटाने गोळी सुटत नाही. पोलादी खिळा कवटीत शिरून परत नळीत येतो. उसळणाऱ्या गोळीची भीती नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याने जनावर बहुधा बेशुद्ध होते, मरतेच असे नाही. म्हणून त्यानंतर लगेच रक्तस्राव घडवून वा अन्य उपायाने मृत्यू निश्चित करावा लागतो. या साधनालाही लोक पुष्कळदा ‘कॅलिबर’ विचारतात, तेव्हा खिळ्याची लांबी व काडतुसाचा भार या खऱ्या बाबी बाजूलाच राहतात.

शवाचा प्रश्नही निवडीशी निगडित आहे. वेदनामुक्तीसाठी वापरले जाणारे पेंटोबार्बिटल हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात टिकून राहते व ते खाणारे पक्षी आणि कुत्री विषबाधेने मरू शकतात. अमेरिकेत गरुडांच्या बाबतीत असे प्रकार नोंदले गेले आहेत. गोळी घातलेल्या जनावराच्या शवात हे विष नसते, परंतु शिशाचे कण असतात आणि कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडांना ते बाधतात हेही सिद्ध आहे. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे जवळजवळ नामशेष झालेल्या, आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागलेल्या देशात शव उघड्यावर टाकणे कोणत्याही पद्धतीत क्षम्य नाही. ते पुरणे वा जाळणे हा कामाचाच भाग समजला पाहिजे.

गोळी सुटल्यानंतर जनावर तत्काळ कोसळले पाहिजे. पाय ताठ होणे व त्यानंतर काही काळ ते झाडणे हे मज्जारज्जूचे स्वयंचलित कार्य असून त्यावरून जनावर जिवंत आहे असा निष्कर्ष काढू नये. पाहणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवणे इष्ट. पाहावयाचे ते श्वसन आणि डोळा. लयबद्ध श्वास चालू असेल, बुबुळाला बोट लावताच पापणी मिटत असेल, नजर वस्तूचा मागोवा घेत असेल, तर गोळी चुकली आहे आणि दुसरी विनाविलंब घातली पाहिजे. दुसऱ्या वेळी नेम पहिल्या छिद्रातून धरू नये, कारण तेथे हाड व ऊती आधीच विस्कळीत झालेल्या असतात. तो किंचित बाजूस घ्यावा. म्हणूनच एकगोळी पिस्तूल वापरणारा अनुभवी पशुवैद्य दुसरे काडतूस पेटीत ठेवीत नाही. ते त्याच्या डाव्या हातात असते.